कारण समजू शकले नाही

माणसाने चाळिशी ओलांडली की त्याला चष्मा लागतो, असा सर्वसाधारण नियम आहे. मला कॉलेज लागले! निदान आमच्या सौभाग्यवतींनी शेजारणींना ही वार्ता अशाच शब्दांत सांगितली. ती सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, तो नवऱ्याला एखादे व्यसन लागले असता बायकांच्या चेहऱ्यावर असतो तसा होता, हे मी खिडकीतून पाहिले.

दोष सर्वस्वी माझा नव्हता. माझ्या एका कादंबरीचा नायक वार्ताहर आहे. ती वाचून एका अनोळखी वाचकाने मला कार्ड पाठवले. मजकूर चारच ओळींचा होता. आपली कादंबरी आवडली. परंतु आपला नायक तीनशे पानांत दोनदा प्रेमात पडतो, तीनदा रेल्वेने प्रवास करतो आणि एकदाही बातमी लिहीत नाही. तो पगार कशाचा घेतो, हे कृपया कळवावे.

या प्रश्नाला उत्तर नव्हते. बातमी कशी लिहितात हे मुळी मलाच ठाऊक नव्हते, मग माझ्या नायकाला कोठून ठाऊक असणार? रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतो म्हणून बातमी लिहिता येईल असे मला वाटत आले होते. पण रोज पोळी खाणाऱ्या माणसाला कणीक मळता येतेच असे नाही. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या गावच्या एका कॉलेजात शनिवार-रविवार भरणाऱ्या पत्रकारितेच्या वर्गाची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. वार्तासंकलन, वार्तालेखन आणि संपादन असे तीन विषय होते. पदवीची अट नव्हती. ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुलांना शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात निम्मे आयुष्य गेले, पण कॉलेजची पायरी मी कधी चढलो नव्हतो. ती चढताना पहिल्या शनिवारी माझ्या पायांत जे कापरे भरले, ते पायऱ्या उंच होत्या म्हणून नव्हे.

वर्गात शिरलो तो मागच्या बाकावरचा एक तरुण ताडकन उभा राहिला. तो माझाच जुना विद्यार्थी होता. त्याला उभा राहिलेला पाहून हेच शिकवणारे प्राध्यापक असावेत अशा समजुतीने सगळा वर्ग उभा राहिला. मी कानकोंडा होऊन त्याच विद्यार्थ्याच्या शेजारी जाऊन बसलो तेव्हा मोठा हशा पिकला. पुढे वर्षभर तो मला ‘सर’ म्हणत असे आणि माझ्याच वहीतून टिपणे उतरवून घेत असे.

आम्हाला शिकवणारे गृहस्थ एका दैनिकाचे निवृत्त उपसंपादक होते. अंगाने किरकोळ, आवाज बारीक आणि खिशाला कायम लाल पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, “पत्रकारिता शिकवता येते का?” कोणी हो म्हणाले, कोणी नाही. ते म्हणाले, “हा वाद जुना आहे.” मग त्यांनी तो इतिहास थोडक्यात सांगितला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर देऊन, तेव्हा त्यांना हा धंदा शिकवायला कोणी नव्हते. बातमीदार तयार होतो तो छापखान्याच्या धुळीत, कॉलेजात नव्हे, असेच पुढे पाऊणशे वर्षे जगभर मानीत. मग १९०८ साली अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय निघाले. १९१२ साली जोसेफ पुलित्झरच्या देणगीतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दुसरे निघाले. त्याच कोलंबियात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला आणि खेडोपाडीच्या साध्या माणसांच्या साध्या बातम्यांना दैनिकात जागा दिली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली हा विषय आला, तो रोलंड वुल्सली या अमेरिकन प्राध्यापकाच्या हातून. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली विद्यापीठाचा विभाग उघडला.

“तेव्हा शिकवता येते,” उपसंपादक म्हणाले. “बातमीचा वास येणे शिकवता येत नसेल. पण नाक कोठे खुपसू नये, हे नक्की शिकवता येते.”

या वाक्याचा अर्थ मला पुढे जो कळला, तो कळायला नको होता असे अजून वाटते. पण ती गोष्ट क्रमाने सांगतो.

पहिला धडा गवताच्या गंजीचा. उपसंपादकांनी फळ्यावर मोजकी माहिती लिहिली. गावाचे नाव, दिवस, वेळ, गंजीला आग लागली, दोन बैल भाजले, मनुष्यहानी नाही, पंचनामा झाला. एवढ्यावरून बातमी तयार करायची होती. शेजारची पोरे पेन चावीत बसली होती, आणि मी मात्र पाच पुस्तकांचा लेखक! मी सूर्यास्तापासून आरंभ केला. गुरे गोठ्याकडे परतत होती. चुलीचा धूर आभाळात विरत होता. आणि अशा त्या शांत वेळी अवचित एक ठिणगी उडाली... दीड पान झाले. शेवटची ओळ लिहून मी मोठ्या समाधानाने वही पुढे केली.

लाल पेन्सिल वरून चालू लागली. सूर्यास्त गेला. गुरे गेली. चुलीचा धूर गेला. ठिणगीपाशी ती क्षणभर थांबली. “ठिणगी कोणी पाहिली?” मी म्हणालो, “आग लागली म्हणजे ठिणगी उडालीच असणार.” ठिणगीही गेली. शेवटची एक ओळ तेवढी उरली. तिच्याभोवती गोल करून ते म्हणाले, “मास्तर, तुमची बातमी येथून सुरू होते.”

त्या दिवशी मला उलटा मनोरा समजला. बातमीचे सर्वांत महत्त्वाचे अंग अगदी वर, त्याहून कमी महत्त्वाचे त्याखाली आणि किरकोळ तपशील तळाशी. कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे या सहा ककारांपैकी जेवढे ठाऊक असतील तेवढे आरंभीच सांगून टाकायचे. शिशाच्या खिळ्यांवर छपाई होत असे तेव्हा पानात जागा अपुरी पडली, की जुळारी बातमी तळातून कापीत असे. त्याला वाचून पाहायला सवड नसे, म्हणून तळाशी असे काही ठेवायचेच नाही की जे कापले असता बातमी पंगू होईल. आता शिसे गेले, जुळारी गेले, बातमी फोनवर आली आणि तिथे जागेला तोटा नाही. तरीही नियम टिकून आहे, कारण आता कापण्याचे काम वाचकाचा अंगठाच करतो!

कादंबरीकाराला हे शिकणे म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने लिहायला शिकणे होय. खून कोणी केला हे मी शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवतो, तेव्हा वाचक मला शाबासकी देतात. बातमीदाराने ते शेवटच्या ओळीपर्यंत दडवले तर त्याची नोकरी जाते.

त्यात मराठीची एक अडचण आहे, ती मला तोवर जाणवली नव्हती. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते, घरातल्या कर्त्या माणसाने पंगतीच्या शेवटी बसावे तसे. वाक्य लांबले की वाचक बिचारा क्रियापदाची वाट पाहत ताटकळतो. मंत्र्यांनी, काल, अमुक गावी, तमुक प्रसंगी, अमुक अमुक लोकांच्या उपस्थितीत, अशी मिरवणूक चालली आहे. पण मंत्र्यांनी केले काय? उद्घाटन केले की राजीनामा दिला? यावर उपाय एकच. वाक्ये लहान करा. हे मी शाळेत मुलांना वीस वर्षे सांगत आलो, पण स्वतः ऐकले नव्हते.

संपादनाचा तास तर निव्वळ करमणुकीचा असे. ‘दुःखद निधन’ दिसले की उपसंपादक शांतपणे विचारीत, “सुखद निधनाची बातमी आली आहे का कधी?” ‘पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली’ असे कोणी लिहिले तर म्हणत, “जीपमधून गेले होते ना? मग जाऊ द्या त्यांना जीपमधून.” ‘सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे’ या वाक्यावर त्यांचा विशेष राग. “किती घरे विचारलीत? एकूण घरे किती?” नावांच्या बाबतीत मात्र ते थट्टा करीत नसत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुसरीकडे झाली तर ती व्याकरणाची चूक; माणसाच्या नावात झाली तर तो त्या माणसाचा अपमान. कोणाचे नाव आयुष्यात एकदाच छापून येते, आणि तेही आपण चुकवायचे?

एका रविवारी त्यांनी कोल्हापूर प्रकरण सांगितले. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, दोघेही निःस्वार्थी. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा त्यांचा समज झाला. पुराव्यादाखल काही पत्रे हाती आली आणि दोन्ही पत्रांतून तो मजकूर प्रसिद्ध झाला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट ठरली. १८८२ साली दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. लोकांनी त्यांची मिरवणूक काढली, ते पुढे मोठे झाले, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

“आपण या गोष्टीतून त्यांचा त्याग शिकतो, आणि तो शिकावाच,” उपसंपादक म्हणाले. “पण बातमीदाराने आणखी एक गोष्ट शिकावी. हेतू शुद्ध असला म्हणून कागद खरा होत नाही.”

मी हे वाक्य वहीत उतरवून घेतले, त्याखाली रेघ ओढली, आणि पंधरा दिवसांत विसरलो.

फेब्रुवारीत आमच्या वर्गाचा चार पानी अंक निघायचा होता. प्रत्येकाने एक खरी बातमी आणायची होती. माझ्या भाग्याने म्हणा, दुर्भाग्याने म्हणा, एका शुक्रवारी आमच्या गावापासून चार किलोमीटरवरच्या शाळेत दुपारच्या खिचडीनंतर मुलांना उलट्या होऊ लागल्या. शाळा सुटताच मी स्कूटर काढली. खरे सांगायचे तर त्या वेळी मुलांची काळजी मनात होती, पण त्या काळजीच्या आड एक आनंदही होता. बातमी चालत दाराशी आली होती.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. मालक ओळखीचा. चाळीस पोरे दवाखान्यात नेली म्हणाला. मी खिशातून वही काढली आणि एकामागून एक प्रश्न विचारले. तांदूळ कधी आला होता? पाणी कुठले? खिचडीत काही पडले-बिडले तर नव्हते, पाल वगैरे? “असंल बी,” तो म्हणाला. “काय सांगता येतं?”

शाळेच्या आवारात माणसे जमली होती. स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी खिचडी शिजवणाऱ्या मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला, नजर जमिनीवर. मी त्यांच्याकडे दुरून पाहिले. जवळ गेलो नाही, कारण मला जावेसे वाटले नाही. माझी बातमी मला तिथेच दिसू लागली होती. रात्री घरी आलो तर आमच्या पंचक्रोशीच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप फिरत होता, की खिचडीत पाल निघाली. झाले! माझा संशय खरा ठरला. मी लिहायला बसलो. पाल पडलेली खिचडी खाल्ल्याने चाळीस मुलांना विषबाधा. दुसऱ्या परिच्छेदात मावशी. अपराधाच्या भाराने वाकलेली मान, पश्चात्तापाचे अश्रू. लेखणी कशी झरझर चालली! यावेळी सूर्यास्त घातला नव्हता, याचाही मला अभिमान वाटला.

रविवारी उपसंपादकांनी ती बातमी दोनदा वाचली. पेन्सिल उचलली नाही.

“पाल कोणी पाहिली?”

“सगळे गाव म्हणते.”

“गावाला डोळे नसतात, मास्तर. माणसाला असतात. कोणी पाहिली?”

मी गप्प.

“चाळीस आकडा कुठला?”

“टपरीवाला म्हणाला.”

“तो डॉक्टर आहे का? मावशींशी बोललात?”

“नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर अपराध स्पष्ट दिसत होता.”

“चेहऱ्याची मुलाखत छापता येत नाही.” त्यांनी कागद परत दिला. “पालीचा माग काढा. जिथून निघाली तिथपर्यंत जा.”

त्याच दुपारी मी निघालो. गटावर निरोप टाकणारा तरुण सापडला. त्याला दूध संकलन केंद्रावर कळले होते. केंद्रावरच्या कारकुनाला गिरणीत कळले होते. गिरणीवाला म्हणाला, टपरीवर ऐकले. मी टपरीवर गेलो आणि मालकाला विचारले, “पालीची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. “मास्तर, थट्टा करता का? तुम्हीच नव्हं का बोलला? वही काढून लिहून घेत होता. म्हटलं, पेपरचा माणूस इचारतोय म्हंजे पाल असणारच!”

हातातला चहाचा पेला मी तसाच खाली ठेवला. पाल कोठून आली ते समजले. ती खिचडीत पडली नव्हती, माझ्या तोंडातून पडली होती. मग ती गावभर फिरून, चार लोकांच्या मुखाने मोठी होऊन रात्री माझ्याच हातातल्या फोनवर परत आली, आणि मी तिला पुरावा म्हणून दंडवत घातले होते. कोल्हापूरची पत्रे निदान दुसऱ्याने बनवली होती.

हे एवढ्यावर थांबले असते तर मी स्वतःला हसून घेतले असते. परंतु शनिवारी शाळेत पालकांची सभा झाली होती. पालीच्या गोष्टीने लोक खवळले होते. तपासणीचा अहवाल येईपर्यंत मावशींनी कामावर येऊ नये, असे ठरले होते.

त्यानंतरचे दोन दिवस मी जे केले, ते शुक्रवारीच करायला हवे होते. ग्रामीण रुग्णालयात जाऊन नोंद पाहिली. मुले चाळीस नव्हती, ११ होती, आणि सर्व त्याच रात्री घरी गेली होती. डॉक्टरांनी सांगितले, कारण निश्चित सांगता येत नाही. अन्नाचे आणि पाण्याचे नमुने तपासणीला गेले आहेत. शाळेत मुलांना वाढण्यापूर्वी कोणीतरी अन्न चाखून पाहावे लागते आणि त्याची नोंद ठेवतात. त्या वहीत शुक्रवारी मुख्याध्यापकांची आणि एका पालकाची सही होती. दोघांनाही काही झाले नव्हते. आजारी ११ मुलांपैकी दोघांनी त्या दिवशी घरचा डबा खाल्ला होता. ही गोष्ट त्यांच्या आयांनी मला सांगितली. शुक्रवारी त्यांना कोणी विचारले नव्हते.

शेवटी मावशींच्या घरी गेलो. त्या ज्वारी निवडीत होत्या. मला ओळखले नाही. मी म्हणालो, “मावशी, खिचडीची बातमी लिहायची आहे.”

“लिवा की,” त्या म्हणाल्या. “समद्यांनी बोलून झालंय.” मग थोड्या वेळाने आपणहून बोलू लागल्या. “अकरा वर्षं झाली त्या चुलीपाशी. माझी नात बी त्याच पंगतीला बसती. तिनं बी तीच खिचडी खाल्ली. पोरीच्या ताटात मी पाल वाढीन का?”

शुक्रवारी त्या भिंतीला टेकून का बसल्या होत्या, हेही मी विचारले. नात आजारी मुलांत आहे की नाही हे त्यांना कोणी सांगत नव्हते, म्हणून त्या तिथून हलल्या नव्हत्या. ज्याला मी अपराध म्हणून दीड परिच्छेद रंगवला, ते आजीचे काळीज होते.

मग मला सांगावेच लागले. “मावशी, ती पालीची गोष्ट माझ्या तोंडून निघाली.”

त्यांचे हात सुपात थांबले. मी खूप बोलणी ऐकायच्या तयारीने बसलो होतो. त्या एवढेच म्हणाल्या, “मग मास्तर, आता तुमच्याच तोंडानं माघारी घ्या.”

मी ती माघारी घेऊ लागलो. टपरीवर गेलो, गिरणीत गेलो, दूध केंद्रावर उभा राहिलो, गटावर माझे नाव घालून लिहिले, मुख्याध्यापकांना भेटलो. अफवा घोड्यावरून गेली होती. मी तिच्यामागून काठी टेकीत चाललो होतो. टपरीवाला म्हणाला, “म्हंजे पाल नव्हती तर. मग काय होतं? सरडा?” माणसाला काहीतरी हवे असते. ‘ठाऊक नाही’ ही गोष्ट कोणी घरी घेऊन जात नाही.

त्या रात्री मी बातमी पुन्हा लिहिली. पाच वाक्यांची. अमुक गावच्या शाळेतील ११ मुलांना शुक्रवारी दुपारी उलट्यांचा त्रास झाला. उपचारानंतर सर्व मुले त्याच रात्री घरी परतली, असे ग्रामीण रुग्णालयातून सांगण्यात आले. त्यांपैकी दोघांनी शाळेतील खिचडी खाल्ली नव्हती, असे त्यांच्या मातांनी सांगितले. अन्नाचे व पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत. आजाराचे कारण समजू शकले नाही.

पहिली चार वाक्ये अर्ध्या तासात झाली. पाचव्यापाशी मी मध्यरात्रीपर्यंत अडून होतो. मी इतकी वर्षे लिहितो आहे. माझ्या कोणत्याही पुस्तकात हे वाक्य नाही. कादंबरीत मला सर्व ठाऊक असते. नायिका का रडली, म्हाताऱ्याने शेत का विकले, मोलकरणीच्या मनात काय आहे, हे सांगायला मला कोणाच्या दारी जावे लागत नाही, कारण ती माणसे माझीच असतात. मावशी माझ्या नव्हत्या. त्यांच्या मनात काय आहे हे त्यांनाच विचारावे लागते, आणि जिथे कोणालाच ठाऊक नाही तिथे लेखणी खाली ठेवावी लागते. बातमी शिकणे म्हणजे सहा ककार पाठ करणे, असे मला वाटत होते. ते सोपे आहे. सहांपैकी एकाची जागा रिकामी ठेवणे कठीण.

उपसंपादकांनी बातमी वाचली आणि एकच शब्द खोडला. मी ‘केवळ ११ मुलांना’ असे लिहिले होते, चाळिसाची अफवा खोडण्याच्या भरात. ते म्हणाले, “केवळ कोणाला, मास्तर? ज्याचे पोर त्यात होते, त्याला?” खोडलेला शब्द मी पुन्हा वाचला आणि मान खाली घातली.

काही आठवड्यांनी तपासणीचा अहवाल आला. अन्नात दोष आढळला नाही. शाळेच्या टाकीतील पाणी पिण्यास अयोग्य ठरले. आजाराचे कारण तेच, असे त्यात म्हटलेले नाही. तेव्हा मीही म्हणत नाही. टाकी धुतली गेली आणि मावशी पुन्हा चुलीपाशी आल्या. तरी दोन-तीन घरची मुले पुढे पुष्कळ दिवस डबा आणीत होती. पालीचे शेपूट तुटले तरी बराच वेळ वळवळत राहते, त्याला इलाज नाही.

परीक्षा झाली, मी उत्तीर्ण झालो, प्रमाणपत्र आमच्या हिने चौकटीत लावले. कार्ड पाठवणाऱ्या वाचकालाही मी उत्तर धाडले, की पुढच्या आवृत्तीत नायक एक बातमी लिहील, पण ती पाचच वाक्यांची असेल.

आमचा चार पानी अंक निघाला तेव्हा एक प्रत घेऊन मी मावशींकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या नातीने एकेका अक्षरावर बोट ठेवून ती पाच वाक्ये मोठ्याने वाचली. मावशींनी पदराला हात पुसले, कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “माझं नाव कुठं हाय ह्यात?”

मी म्हणालो, “नाही, मावशी. तुमचं नाव कुठंच नाही.”

“खरं?”

“खरं.”

त्यांनी तो कागद नीट चार घड्या करून डब्यात ठेवला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि नातीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.